वाटेतच थांबणारं औषध

दम्याचा पंप शिकवताना डॉक्टर एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावतात. औषध छातीत गेलं पाहिजे, पोटात गेलं तर ते वाया. श्वास सोडा, पंप दाबा, खोल श्वास घ्या, दहापर्यंत मोजा, मग चूळ भरा. काही रुग्णांना मात्र तोच पंप देऊन नेमकं उलटं सांगितलं जातं. पंप तोंडात धरा, श्वास रोखा, दाबा आणि जो फवारा तोंडात जमेल तो गिळून टाका. चूळ भरू नका, वरून पाणी पिऊ नका, निदान अर्धा तास काहीही तोंडात घालू नका. केमिस्टला वाटतं, चिठ्ठीत काहीतरी चुकलंय. चुकलेलं काही नसतं. या रुग्णांना दमा असेलच असं नाही. त्यांची तक्रार वेगळी आहे : घास अडकतो.

घास अडकणं ही तक्रार घेऊन माणूस लवकर डॉक्टरकडे जात नाही. तो स्वतःच युक्त्या काढतो. भाकरी आमटीत बुडवून मऊ करून खातो, मटणाचे तुकडे अगदी बारीक करतो, प्रत्येक घासामागे पाण्याचा घोट घेतो. सगळ्यांचं जेवण आटोपून हात वाळले तरी याचं ताट अर्धंच झालेलं असतं. मोठ्या गोळ्या टाळतो किंवा कुटून घेतो. बाहेर जेवायला जायचं म्हटलं की काहीतरी निमित्त काढतो. घरचे म्हणतात, लहानपणापासून हळूच जेवतो. या आजाराचे जाणकार डॉक्टर म्हणून ‘घास अडकतो का’ एवढंच विचारून थांबत नाहीत. ते विचारतात : पाणी किती लागतं? पदार्थ बदलून खाता का? वेळ किती लागतो? काय टाळता? चावता किती? गोळ्या जातात का? कारण पहिल्या प्रश्नाला पुष्कळ जण सरळ ‘नाही’ म्हणतात, आणि ते खोटंही नसतं. त्यांनी आपलं जेवणच असं बेतून घेतलेलं असतं की घास अडकण्याची वेळच येऊ नये.

आजाराचं नाव लांबलचक आहे : इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस. डॉक्टर मंडळी त्याला ईओई म्हणतात, आपणही तेच म्हणू. इओसिनोफिल ही रक्तातली एक पांढरी पेशी. पॉल एर्लिख या जर्मन वैज्ञानिकाने १८७९ मध्ये तिला हे नाव दिलं, कारण इओसिन नावाचा गुलाबी-तांबडा रंग ती चटकन शोषून घेते, आणि इओस ही ग्रीकांची उषादेवी. मराठी घरांत मात्र या पेशीची ओळख उषेमुळे झालेली नाही. ‘रक्तात इसिनोफिल वाढलेत’ हे वाक्य खोकला, जंत आणि हेट्राझानच्या गोळ्या यांच्याबरोबरच आपल्या कानावर पडलेलं आहे. ट्रॉपिकल इओसिनोफिलिया हे नावच मुळी १९४३ मध्ये भारतातल्या रुग्णांच्या वर्णनातून आलं. पण तो आजार वेगळा, हा वेगळा. ईओईमध्ये रक्तातला आकडा पुष्कळदा साधारणच असतो. या पेशी घर करतात ते अन्ननलिकेच्या अस्तरात, आणि तिथे एरवी त्यांचं काहीच काम नसतं. जठरात, आतड्यात त्या थोड्याफार सापडतात; निरोगी अन्ननलिकेत जवळपास नाहीत. दुर्बिणीतून काढलेल्या तुकड्यात सूक्ष्मदर्शकाच्या एका मोठ्या क्षेत्रात १५ किंवा त्याहून जास्त पेशी दिसल्या, घास अडकण्यासारखी लक्षणं असली आणि दुसरं कारण सापडलं नाही, की निदान पक्कं होतं.

मूळ भांडण अन्नाशीच असतं. दूध, गहू, अंडं, सोया, दाणे-सुकामेवा, मासे-कोळंबी यांपैकी कशाशी तरी. पण शेंगदाणा खाल्ल्याबरोबर अंगावर गांधी उठावी तशी ही लगेचची ॲलर्जी नाही. ती आठवडे-महिने धुमसत राहते. म्हणून कोणत्या पदार्थाने हे झालं ते रुग्णाला कधीच उमगत नाही.

आज इतकं सरळ वाटणारं हे निदान वैद्यकाला चांगलंच चकवून गेलं. १९७८ मध्ये अमेरिकेत एका रुग्णाच्या अन्ननलिकेत या पेशींची गर्दी आढळल्याची नोंद झाली, ती दुसऱ्याच आजाराच्या वर्णनात. पुढे १९८२ मध्ये लहान मुलांच्या अभ्यासातून असं मांडलं गेलं की अन्ननलिकेत इओसिनोफिल दिसणं ही पोटातलं आम्ल वर येत असल्याची खूण. झालं! पुढची दहा-बारा वर्षं या पेशी दिसल्या की सगळ्यांनी आम्लाकडेच बोट दाखवलं. १९९३ मध्ये स्टीफन ॲटवुड आणि सहकाऱ्यांनी १२ रुग्ण मांडून सांगितलं की यांना आम्लाचा त्रास नाही, हा स्वतंत्र आजार आहे. पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये अलेक्स श्ट्राउमान यांनी दहा रुग्णांचं तसंच वर्णन केलं. आणि १९९५ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये दहा मुलांवर एक साधा पण कठोर प्रयोग झाला. या मुलांना आम्लाची औषधं देऊन झाली होती, काहींची तर आम्ल वर येऊ नये म्हणून शस्त्रक्रियाही झाली होती. त्यांचं सगळं अन्न बंद करून फक्त अमिनो आम्लांचं मिश्रण प्यायला दिलं. आठ मुलांचा त्रास गेला, दोघांचा कमी झाला. पुन्हा जेवू लागल्यावर लक्षणं परतली. दोषी अन्न आहे हे त्या दिवसापासून ठरलं.

पण कोणी जन्मभर अमिनो आम्ल पिऊन जगू शकत नाही. तेव्हा औषध हवं.

दाह म्हटला की डॉक्टरांचा हात आधी स्टिरॉइडकडे जातो. फिलाडेल्फियात १९९८ मध्ये २० मुलांना तोंडावाटे स्टिरॉइड दिलं, आणि ते लागू पडलं. अडचण नेहमीचीच. चेहरा सुजतो, वजन वाढतं, हाडं ठिसूळ होतात, मुलांची उंची खुंटते. औषध बंद केलं की आजार परत. एका वीतभर नळीसाठी सगळ्या अंगाला स्टिरॉइड पाजणं परवडणारं नव्हतं. हवं होतं ते त्वचेवर लावतात तसलं मलम, फक्त अन्ननलिकेच्या आतून लावायचं.

आणि इथे एक अडचण उभी राहते, जी त्वचेच्या किंवा डोळ्याच्या डॉक्टरला ठाऊकच नसते. अन्ननलिका हा रस्ता आहे, मुक्काम नव्हे. सुमारे २५ सेंटिमीटरची ही नळी जे येईल ते खाली ढकलण्यासाठीच घडलेली आहे. घास आठ-दहा सेकंदांत पोटात जातो, पाणी त्याच्याही आधी. तिथे काही टिकलं तर ती बिघाडाची खूण.

किंबहुना औषध अन्ननलिकेत थांबणं हे एरवी संकटच असतं. मुंबईकरांना याचं जवळचं उदाहरण आहे. पुराच्या पाण्यातून चालत आलेल्यांनी लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिन घ्यावं, असं महापालिका दर पावसाळ्यात सांगते. २००५ च्या २६ जुलैच्या पुरानंतर तर हे नाव घराघरांत पोचलं. ते औषध उत्तम आहे, पण कॅप्सूल कोरडीच गिळली, किंवा अर्ध्या घोटाबरोबर घेऊन माणूस लगेच आडवा झाला, तर ती छातीच्या मध्यावर चिकटून बसते. जिलेटिन विरघळतं, आतलं आम्लधर्मी औषध अस्तराच्या एकाच ठिकाणी ओतलं जातं आणि तिथे व्रण पडतो. दुसऱ्या दिवशी थुंकी गिळतानाही कळ येते. हाडांच्या ठिसूळपणावरचं ॲलेन्ड्रोनेट १९९५ मध्ये अमेरिकेत आलं आणि वर्षभरातच अशाच जखमांची वर्णनं छापून आली. तेव्हापासून ती गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि अर्धा तास आडवं होऊ नका, असं पाकिटावरच लिहिलेलं असतं. या दाहावरचा उपाय बहुधा सोपा असतो : ती गोळी बंद करणं, आम्ल कमी करणारं औषध, काही दिवस मऊ अन्न. म्हणजे इथे चिकटलेलं औषध सोडवायचं, आणि ईओईमध्ये न चिकटणारं औषध चिकटवायचं.

तोडगा सापडला तो दम्याच्या कपाटात. १९९८ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी चार मुलांना फ्लुटिकासोनचा पंप दिला, आत ओढायला नाही, गिळायला. मुलं सुधारली. युक्ती हुशारीची होती. फ्लुटिकासोन आणि त्याचं भावंड ब्युडेसोनाइड ही दोन्ही स्टिरॉइडं पोटात गेली की यकृत त्यांचा मोठा भाग मोडून टाकतं, त्यामुळे जाता जाता भिंतीवर जेवढं लागेल तेवढ्याचाच उपयोग होतो आणि बाकीचं अंगात फारसं भिनत नाही. त्या पंपाच्या डबीवर अन्ननलिकेचा शब्दही नव्हता. पुढची वीस वर्षं जगभर या आजारावरचं मुख्य औषध असं परवानगीच्या चौकटीबाहेर, डॉक्टर आणि रुग्ण यांच्या समजुतीवर चाललं.

फवाऱ्याने भिंत सारखी माखली जात नाही, म्हणून सान डिएगोच्या बालरोगतज्ज्ञांनी दुसरा मार्ग काढला. वाफ देण्याच्या यंत्रात घालायचं द्रवरूप ब्युडेसोनाइड घ्यायचं, त्यात सुक्रालोज या कृत्रिम साखरेच्या चार-पाच पुड्या ढवळायच्या आणि तयार झालेला दाट रस चमच्याने हळूहळू गिळायचा. हे खरोखर स्वयंपाकघरातलं काम आहे. दोन मिलिलिटरची प्लास्टिकची नळी, तिचं टोक पिळून तोडायचं, वाटीत पिळायचं, गोड भुकटी घालून घोटायचं. फार पातळ झालं तर उपयोग नाही, फार घट्ट झालं तर मूल तोंड फिरवतं. कुठे सुक्रालोजऐवजी मध वापरतात. रात्री दात घासून झाल्यावर, सगळ्यात शेवटी हे घ्यायचं आणि झोपायचं, म्हणजे धुऊन न्यायला पाणी येत नाही. ब्युडेसोनाइड वाफेतून घेऊन गिळणं बरं की हे चाटण, याची तुलना नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात झाली आणि २०१२ मध्ये छापून आली. औषध तेच, पण चाटणाने पेशी कितीतरी जास्त घटल्या, कारण ते भिंतीला जास्त वेळ चिकटून राहिलं. औषधाचं रसायन कोणतं यापेक्षा ते किती वेळ टेकतं याला महत्त्व आहे, हे त्या छोट्या अभ्यासाने उघड केलं. आयुर्वेदाचं चाटण मधात कालवून का देतात, याबद्दल कोणी वैद्य इथे मिशीतल्या मिशीत हसला तर त्याला दोष देता येणार नाही.

औषध कंपन्यांनी मग याच चाटणाला कारखान्यात नेलं. युरोपात डॉ. फाल्क या जर्मन कंपनीची जोरवेझा ही गोळी जानेवारी २०१८ मध्ये मंजूर झाली. या आजारासाठी म्हणून बनलेलं आणि मान्यता मिळालेलं पहिलं औषध. गोळी गिळायची नसते. जिभेच्या टोकावर ठेवायची, टाळूला हलकी दाबून धरायची. ती फसफसते, तोंडाला लाळ सुटते, आणि ती औषध मिसळलेली लाळ थोडी थोडी गिळत राहायचं. विरघळायला दोन मिनिटं लागतात, कधी वीसही. चाचणीत सहा आठवड्यांनी ५८ टक्के रुग्णांची लक्षणंही गेली आणि पेशीही. नुसती बनावट गोळी घेतलेल्यांत हा आकडा शून्य होता. वैद्यकीय चाचण्यांत इतका स्वच्छ शून्य क्वचित दिसतो. पुढच्या अभ्यासाने दुसरी, कमी सुखद बाजू दाखवली. बरे झालेल्यांपैकी ज्यांना ४८ आठवडे गोळी चालू ठेवली, त्यांतले जवळपास चारातले तिघं बरेच राहिले. ज्यांची गोळी गुपचूप बदलून बनावट दिली, त्यांतले ४.४ टक्के. म्हणजे रक्तदाबाच्या गोळीसारखाच हा प्रकार, घेताय तोवर आहे.

अमेरिकेची गोष्ट जरा विचित्र झाली. टाकेडा कंपनीचं ब्युडेसोनाइडचं घट्ट द्रावण २०२१ च्या अखेरीस तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने परत पाठवलं. कंपनीने प्रकल्प सोडून दिल्याचंही सांगितलं, मग पुन्हा अर्ज केला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये इओहिलिया नावाने ते मंजूर झालं, ११ वर्षांवरच्या रुग्णांसाठी, फक्त १२ आठवड्यांपुरतं. आजार जन्माचा आणि परवाना तीन महिन्यांचा! तेराव्या आठवड्यात काय करायचं, हा प्रश्न प्रशासनाने डॉक्टरांवरच सोडला आहे. या औषधांचे दुष्परिणाम त्यामानाने सौम्य आहेत. मुख्य म्हणजे काही रुग्णांच्या तोंडात आणि अन्ननलिकेत पांढरी बुरशी धरते, ती बुरशीच्या औषधाने जाते.

आता आम्लाच्या गोळीकडे यायला हवं, कारण आपल्याकडे सगळ्यात आधी तीच पोटात जाते. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, इसोमेप्राझोल हा सगळा गट जठरातले आम्ल सोडणारे पंप बंद करतो. ईओई हा आम्लाचा आजार नाही हे ठरल्यावर या गोळ्यांचा उपयोग चाळणीसारखा होऊ लागला. २००७ च्या पहिल्या एकमताच्या निकषांत लिहिलं होतं की आधी ही गोळी देऊन बघा. बरं वाटलं तर तो आम्लाचा त्रास, नाही वाटलं तरच ईओई. तर्क नेटका होता. पण रुग्ण त्या चौकटीत बसायला तयार नव्हते. पेशी ईओईच्याच, चेहरामोहरा ईओईचाच, जनुकांची खूण तीच, आणि तरीही आम्लाच्या गोळीने बरे! त्यांच्यासाठी काही वर्षं एक वेगळं लांब नाव काढून झालं. मग डॅलसच्या प्रयोगशाळेतून उलगडा आला : ही गोळी आम्ल कमी करते त्यापलीकडे अन्ननलिकेच्या पेशींमधून निघणाऱ्या इओटॅक्सिन-३ या हाकाऱ्यालाच गप्प करते. इओसिनोफिलना बोलावणारी हाक तीच. आम्ल मध्ये नसतानाही हे घडतं. ३३ अभ्यासांतल्या ६१९ रुग्णांचा एकत्रित हिशोब २०१६ मध्ये मांडला गेला, तेव्हा निम्म्या रुग्णांच्या पेशी या गोळीने हटल्याचं दिसलं. २०१८ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी चाळणीची अट काढून टाकली. ज्या औषधाने बरं झाल्यास ‘तुम्हाला हा आजार नाही’ असं सांगितलं जात होतं, ते आता याच आजाराचं एक औषध आहे, आणि किमतीने सगळ्यात स्वस्त.

भारतात यातून एक वेगळीच गुंतागुंत होते. आपल्याकडे छातीत जळजळलं, घशाशी आलं, ढेकर आली, की ‘पित्त झालंय’ म्हणून केमिस्टकडून पँटोप्राझोलची पट्टी येते. दुर्बिणीची वेळ येईपर्यंत महिनोन्‌महिने गोळी चालू असते. मग अस्तर स्वच्छ दिसतं, तुकड्यातही पेशी मिळत नाहीत, आणि निम्म्या रुग्णांचं निदान त्या पट्टीखाली झाकलं जातं. म्हणून दुर्बिणीआधी निदान तीन आठवडे ही गोळी थांबवावी, असं ब्रिटिश मार्गदर्शक सूचना सांगतात. दुसरी गोष्ट तुकड्यांची. हा आजार ठिपक्याठिपक्यांनी पसरलेला असतो. नळी वरून साधी दिसली म्हणून तुकडा घेतलाच नाही, किंवा एकच घेतला, तर तो हमखास निसटतो. वेगवेगळ्या उंचीवरून किमान सहा तुकडे घ्यावेत असा संकेत आहे. उत्तर भारतात आम्लपित्ताची लक्षणं घेऊन आलेल्या रुग्णांचे असे तुकडे पद्धतशीर तपासले, तेव्हा शंभरात तिघांच्या आसपास ईओई सापडला. पाश्चात्त्य देशांच्या मानाने हा आजार आपल्याकडे कमी आहे हे खरं. पण किती कमी, हे कोण किती तुकडे घेतो यावरही ठरतं.

पथ्याचा मार्ग औषधांच्या यादीत बसत नाही, तरी त्याला बाजूला टाकून चालणार नाही. शिकागोच्या डॉक्टरांनी २००६ मध्ये वर सांगितलेली सहा अन्नं एकदम बंद करून मुलं बरी केली. मग एकेक अन्न परत आणायचं आणि दर वेळी दुर्बीण घालायची, असा तो वर्षभराचा खटाटोप. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या १२९ प्रौढांच्या चाचणीने दाखवलं की सहा अन्नं सोडणाऱ्यांतले ४० टक्के बरे होतात, आणि नुसतं दूध-दुभतं सोडणाऱ्यांतले ३४. हा फरक नगण्य ठरला. मात्र ज्या घरात सकाळ चहाने, दुपार ताकाने आणि सण श्रीखंडाने होतो, तिथे दूध सोडणं म्हणजे ‘नुसतं’ एक अन्न सोडणं नव्हे.

आतापर्यंतची सगळी औषधं नळीच्या आतून लावायची होती. २०२२ च्या मे महिन्यात अमेरिकेत मंजूर झालेलं डुपिलुमॅब मागच्या दाराने येतं. हे त्वचेखाली टोचायचं इंजेक्शन, डुपिक्सेंट नावाने मिळणारं. एक्झिमासाठी २०१७ मध्ये आलं, दम्यासाठी २०१८ मध्ये, नाकातल्या कोंबांसाठी २०१९ मध्ये. ॲलर्जीचे हे आजार बऱ्याचदा एकाच घरात, एकाच अंगात राहतात, आणि त्या सगळ्यांना चेतवणारे दोन रासायनिक संदेश समान आहेत, इंटरल्युकिन-४ आणि इंटरल्युकिन-१३. डुपिलुमॅब या दोघांच्या एकाच कुलपात चिखल भरतं. आठवड्याला ३०० मिलिग्रॅमच्या चाचणीत सुमारे ६० टक्के रुग्णांच्या पेशी जवळपास नाहीशा झाल्या, बनावट इंजेक्शनवर पाच-सहा टक्क्यांच्या. जानेवारी २०२४ पासून ते वर्षाच्या मुलांपर्यंत, वजन १५ किलो भरल्यास, देता येतं. अडचण पैशांची. अमेरिकेत त्याचा महिन्याचा दर हजारो डॉलरांत जातो, आणि प्रौढांना एक्झिमासाठी पंधरवड्याला लागणारी सुई इथे दर आठवड्याला लागते. म्हणून अमेरिकन गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजी संघटनांची शिफारस साधारण अशी : आधी आम्लाची गोळी, स्टिरॉइड किंवा पथ्य, त्यांनी भागलं नाही, किंवा सोबत दमा-एक्झिमा असेल, तर सुई.

डुपिलुमॅबच्या याच चाचणीत एक खडा लपलेला होता. पंधरवड्याला सुई घेणाऱ्यांच्याही पेशी तेवढ्याच घटल्या, पण त्यांचं गिळणं काही बनावट सुईवाल्यांपेक्षा फारसं सुधारलं नाही. मग पेशींचा आणि घासाचा संबंध काय?

या प्रश्नाचं उत्तर २०२४ मध्ये आलं, आणि ते या सगळ्या आढाव्यातलं सर्वांत अस्वस्थ करणारं पान आहे. बेनरालिझुमॅब हे औषध इओसिनोफिल शोधून शोधून मारतं. दम्यात ते यशस्वी आहे. ईओईच्या २११ रुग्णांवरच्या त्याच्या चाचणीचे प्रमुख होते सिनसिनाटीचे मार्क रोथेनबर्ग, या एका पेशीवर उभी हयात घालवलेले संशोधक. चोवीस आठवड्यांनी ८७.४ टक्के रुग्णांच्या अन्ननलिकेतून त्या पेशी हटल्या. बनावट औषधावर ६.५ टक्के. कुठल्याही स्टिरॉइडला हेवा वाटावा असा निकाल. आणि घास? तो होता तसाच अडकत राहिला. त्याआधी मेपोलिझुमॅब, रेसलिझुमॅब यांनीही हाच इशारा दिला होता. ज्या पेशीवरून आजाराला नाव मिळालं, ज्या पेशी मोजून निदान होतं, ती पेशी मारून आजार जात नाही. अस्तर सैल पडणं, त्याखाली तंतू साचणं, मास्ट पेशींची गडबड हे सगळं तिच्यावाचूनही चालू राहतं. स्टिरॉइड आणि डुपिलुमॅब उपयोगी पडतात ते बहुधा या मोठ्या टोळीला आवर घालतात म्हणून. इओसिनोफिल त्यातला नुसता ठळक दिसणारा चेहरा. इतकी वर्षं चाचण्यांनी यशाचं माप म्हणून हाच चेहरा मोजला, हे आता जरा अवघडच वाटतं.

तंतू साचणं ही खरी भीती. स्वित्झर्लंडमधल्या २०० रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत मध्यक सहा वर्षं गेलेली दिसली. दोन वर्षांच्या आत निदान झालेल्यांत नळी अरुंद झालेले १७ टक्के. वीस वर्षांहून जास्त काळ गेलेल्यांत ७१. तिथे औषध एकटं पुरत नाही. दुर्बिणीतून फुगा किंवा दांडी घालून नळी रुंद करावी लागते. सुरुवातीच्या काळात कागदासारखं फाटणारं अस्तर पाहून डॉक्टर याला घाबरत. आता हळूहळू, टप्प्याटप्प्याने केलं तर छेद जाण्याचा धोका शंभरात एकाहूनही कमी असल्याचं दिसलं आहे, पुढचे दोन दिवस छाती दुखते ती सोसावी लागते. फुगा वाट मोकळी करतो, दाह तसाच राहतो. म्हणून फुग्यानंतरही गोळी, चाटण किंवा सुई सुटत नाही.

औषध लागू पडलं का, हे ओळखणंही सोपं नाही. रुग्णाला बरं वाटणं आणि अस्तर बरं होणं या गोष्टी जोडीने चालतातच असं नाही, त्यामुळे औषध सुरू केल्यावर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण आणि पुन्हा तुकडे. हा जाच टाळायला दोऱ्याला बांधलेली कॅप्सूल गिळायची, तासाभराने दोरा ओढून काढायचा आणि त्यावर लागलेल्या द्रावातून दाह मोजायचा, अशी एक पद्धत अमेरिकेत निघाली आहे. स्पंजाची कॅप्सूल वापरून अस्तर खरवडून आणण्याचाही प्रयोग झाला. कोलोरॅडोतल्या डॉक्टरांनी मुलांना भूल न देता नाकातून बारीक दुर्बीण घातली, मूल डोळ्यांवरच्या चष्म्यात सिनेमा पाहत असताना.

आणि मग समजा सगळं जमलं. तुकड्यातल्या पेशी साठावरून चारावर आल्या, दाहाने नळीत उठलेली गोल कडी गेली, नळी मऊ पडली, अहवालावर ‘शांत’ असा शेरा आला. तरी लग्नाच्या पंगतीत हा रुग्ण शक्यतो कडेची जागा धरतो, उठून बाहेर पळायला सोपी म्हणून. या भीतीवर मानसोपचारतज्ज्ञांनी वेगळं काम सुरू केलं आहे, तिची मोजणी करणारी प्रश्नावलीही तयार झाली आहे. वाढपी पुरी वाढून पुढे जातो. रुग्ण पुरीचे चार तुकडे करतो, मग आठ, पहिला तुकडा चावून चावून पीठ होईपर्यंत तोंडात घोळवतो, आणि गिळायच्या आधी पाण्याचा पेला हाताशी आहे ना, ते एकदा बघून घेतो.